डोळा भरणे

सेशन्स कोर्टात सतरा वर्षं मी टंकते आहे
दुसऱ्यांच्या जखमा:
दीड इंच लांब, पाव इंच खोल, कडा असमान.
माझ्या जखमेला तिथं सगळे पाठदुखी म्हणतात,
मीच तसं सांगून ठेवलंय.
खुर्चीवर रबरी कडं, कड्यावर घडी केलेली शाल,
आणि साक्षीदार लांबला की
मी एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर सरकते.
जज्जसाहेबांना वाटतं, कंटाळली.

आजार आतड्याचा. नाव परदेशी, क्रोन्स.
आतडं स्वतःलाच परकं समजतं, भांडतं,
भांडता भांडता त्यानं बाहेर पडायला
दोन चोरवाटा खणल्या,
नेमक्या जिथं बोट दाखवून सांगता येत नाही तिथं.
महालात क्षारसूत्र झालं. धंतोलीत दोनदा चिरलं.
चौदा महिने एक निळा दोरा माझ्यातून आरपार,
गाठ बाहेर, पू वाहता राहावा म्हणून.
आंघोळ करताना बोटाला लागायचा,
कुणीतरी मला बांधून ठेवून
परत यायचं विसरल्यासारखा.

मग डॉक्टर पलांदूरकरांनी औषधाच्या चिठ्ठीमागं
आतडं काढलं, बोळ काढले,
बोळांच्या तोंडाशी ठिपके दिले.
मूळपेशी, म्हणाले. कुणाच्या तरी पोटाच्या चरबीतल्या.
कुणाच्या?
ते आम्हालाही कळत नाही.
किती जणांना गुण येतो?
अर्ध्यांना. थोडं वर, थोडं खाली.
आणि पेनाला टोपण लावलं.

बाबा काटोल रोडच्या नर्सरीत
संत्र्याची कलमं बांधायचे.
जंबेरीचा खुंट, पेन्सिलीएवढा.
चाकूनं एक आडवा छेद, एक उभा,
साल दोन्हीकडून जराशी उचलायची,
आत संत्र्याचा डोळा सरकवायचा, वरून पट्टी.
याला डोळा भरणं म्हणतात.
त्या रात्री फोनवर त्यांना मी सगळं सांगितलं,
पहिल्यांदाच, जागेसकट.
बराच वेळ नुसता त्यांच्या कूलरचा आवाज.
मग,
"शंभरातले सत्तर धरते वं. बाकीचे सुकते."
सुकलेल्यांचं काय करता?
"खुंटाले काई होत नाई.
दुसऱ्या बाजूनं भरतो."

संमतीपत्र मराठीत होतं, म्हणजे मराठीसारखं.
"सहभागी व्यक्तीस फायदा होईलच असे नव्हे."
होईलच मधला च मी दोनदा वाचला.
सही करताना
कोर्टातल्या सवयीनं खाली तारीख, वेळही घातली.

मे महिना. बाहेर पंचेचाळीस.
डबा पंचविशीच्या आत ठेवायचा,
म्हणून सोनेगावच्या विमानतळापासून
एक पोरगा एसी गाडीत तो मांडीवर घेऊन आला,
मामाच्या घरचं बाळ आणावं तसा.
लिजी सिस्टरनं कुपी उलटीसुलटी केली, हळू.
ढवळलेल्या ताकाचं पाणी असतं ना,
तसलं काहीतरी. एवढंसं.
दोरा कापला.
पुढचं मला माहीत नाही, भूल होती.

तिच्याबद्दल मात्र विचार येतो.
ती की तो, कोण जाणे; मी ती धरलंय.
पोट कमी करायला गेली असेल,
नको असलेलं काढून टाकलं असेल,
आणि आता कुठंतरी आरशासमोर
जीन्सची चेन एका दमात वर ओढत असेल,
तिच्या नकोशातलं चमचाभर
नागपुरात एका लघुलेखिकेच्या बुडाशी
कामाला लागलंय हे तिला ठाऊक नसेल.
बाई, भांडणाऱ्यांच्या मध्ये पडायला
तुझी माणसं आली.
तुझं नाव असतं तर
निदान संक्रांतीला तिळगूळ पाठवला असता.

चोवीस आठवडे झाले.
एक वाट बुजली. तिथं बोट फिरवलं तर
नव्या कातडीचा गुळगुळीतपणा लागतो.
दुसरी अजून ओली आहे, कधी जास्त, कधी कमी.
डॉक्टर म्हणतात, बघू.
बाबा विचारतात, "पट्टी सोडली काय? घाई नोको करू."

काल चौथ्या साक्षीदाराची उलटतपासणी
पावणेदोन तास चालली.
मी एकदाही सरकले नाही.
घरी येऊन कड्याची चावी उघडली
आणि हवा सोडली.
अर्धी.